'मी' कोण घडवतो?

आपल्याकडे अनेक घरांत लग्नाच्या वेळी ताटातल्या तांदळावर अंगठीने नववधूचे नवे नाव लिहितात. पहिले काही दिवस त्या नावाने हाक आली तरी ती मान वर करीत नाही. महिनाभरात मात्र ती सहज ओ देऊ लागते. मधल्या काळात काय घडले? माणूस तेच, आवाजही तोच. बदलली ती भोवतालच्यांची अपेक्षा, आणि त्या अपेक्षेकडे पाहून तिने स्वतःविषयी करून घेतलेली समजूत.

समाजशास्त्रात आपण 'भूमिका' हा शब्द शिकतो आणि नाटकातल्यासारखी तिची संहिता तयारच असते असे समजून चालतो. वस्तुतः भूमिका रोजच्या देवाणघेवाणीतून घडत जाते. हा विचार मांडणाऱ्या परंपरेला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ मध्ये 'प्रतीकात्मक आंतरक्रियावाद' असे नाव दिले. नाव बोजड असले तरी आशय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे.

चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये 'आरशातील स्व' ही कल्पना मांडली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. आपण दुसऱ्याला कसे दिसतो याची कल्पना आपण करतो. तो आपल्याविषयी काय मत बनवीत असेल याची करतो. आणि त्यावरून आपल्याला अभिमान किंवा शरम वाटते. नव्या सुनेची पहिली भाकरी तव्यावर मोडते. सासू काहीच बोलत नाही. पण त्या न बोलण्यात सून स्वतःचा निकाल वाचते. सासूच्या मनात कदाचित तसे काही नसेलही! म्हणजे हा आरसा निम्मा आपल्याच कल्पनेचा असतो.

शिकागो विद्यापीठातील जॉर्ज हर्बर्ट मीड (१८६३-१९३१) यांनी हा विचार पुढे नेला. त्यांचा 'माइंड, सेल्फ अँड सोसायटी' हा प्रसिद्ध ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३४ मध्ये, मुख्यतः विद्यार्थ्यांनी घेतलेल्या टिपणांवरून सिद्ध झाला. वर्गात टिपणे घेण्याचा कंटाळा करणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे! मीड म्हणतात, मूल आधी एकेकाची भूमिका घेते. भातुकलीत मुलगी आई होते आणि बाहुलीला रागावते. पुढे ते सांघिक खेळात उतरते. खो-खोत पाटीवर बसलेल्या खेळाडूला कोण पळतो, कोण पाठलाग करतो, खो केव्हा मिळेल, हे सारे एकाच वेळी मनात धरावे लागते. या 'सर्वांच्या' दृष्टीला मीड यांनी 'सामान्यीकृत अन्य' म्हटले. आपल्या घरांत त्यालाच 'लोक काय म्हणतील?' म्हणतात.

परंतु माणूस म्हणजे लोकांच्या अपेक्षांचा नुसता साचा नव्हे. लोकांच्या नजरेतून दिसणारा 'मला' आणि त्याला उत्तर देणारा 'मी', असे दोन भाग मीड मानतात. या 'मी'मुळेच भूमिका बदलू शकते.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण घेऊ. माहेरची यमुना १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमा होऊन आली. पतीच्या दृष्टीने पत्नीने लिहिणे-वाचणे हे कर्तव्यच होते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या दृष्टीने तेच वाचन मर्यादाभंग होता. कृती एक, अर्थ दोन. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनी ही ओढाताण सांगितली आहे. त्यांनी टोमणे सोसले, पण अभ्यास सोडला नाही. पुढे पुण्याच्या सेवासदनातून त्यांनी इतर स्त्रियांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. म्हणजे 'सून' आणि 'पत्नी' या शब्दांचा अर्थच त्यांनी थोडा रुंदावला.

येथे एक आक्षेप रास्त आहे. रमाबाईंच्या पाठीशी पती होता. अर्थ ठरविण्याचा अधिकार घरात सर्वांना सारखा नसतो. ज्याच्या हाती पैसा, वय आणि मान असतो, त्याचाच अर्थ बहुधा घरचा अर्थ ठरतो. नुसती आंतरक्रिया पाहून सत्तेकडे दुर्लक्ष केले तर चित्र अपुरे राहील.

ही गोष्ट मला पुस्तकाबाहेर कळली. मी आणि माझी धाकटी बहीण एकाच वेळी परीक्षेची तयारी करीत होतो. मी पाणी घ्यायला उठलो तेव्हा आई म्हणाली, "तू बस, अभ्यास कर. ती रिकामीच आहे, ती देईल." बहिणीच्या हातात अर्थशास्त्राचे पुस्तक होते. ती काही न बोलता उठली. माझ्या हातातले पुस्तक म्हणजे 'अभ्यास' आणि तिच्या हातातले म्हणजे 'रिकामपण', हा अर्थ आईने एकटीने ठरविलेला नव्हता. इतकी वर्षे बसल्या जागी पाणी घेऊन मीही तो ठरवीत आलो होतो.

डब्ल्यू. आय. आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले की, माणसे एखादी परिस्थिती जशी मानतात तसे तिचे परिणाम खरोखरच घडतात. 'रिकामी' मानलेल्या मुलीचा अभ्यास खरोखरच मागे पडतो.

म्हणून 'घरातली रीतच तशी आहे' असे म्हणून सुटता येत नाही. रीत रोज नव्याने पाळली जाते, म्हणूनच ती टिकते. आणि म्हणूनच ती बदलूही शकते. दुसऱ्या दिवशी मी उठून दोन पेले भरले. आईने चमकून पाहिले, बहीण हसली. एवढ्याने घर बदलत नाही, हे खरे. पण त्या दिवसापासून आई पाणी मागताना दोघांपैकी एकाचे नाव घेण्याआधी क्षणभर थांबते.