तुम्ही ‘मेसोमॉर्फ’ आहात का? रीलवरच्या या शब्दाचा खरा अर्थ काय?

फिटनेसचे दोन-चार रील पाहिले की ‘तुमचा बॉडी टाइप ओळखा’ हा सल्ला हमखास समोर येतो. सडपातळ असाल तर एक्टोमॉर्फ, अंगानं गोलसर असाल तर एंडोमॉर्फ, रुंद खांदे आणि पिळदार अंग असेल तर मेसोमॉर्फ. मग टाइपनुसार डाएट प्लॅनही विकला जातो. पण हा शब्द आला कुठून?

नाव कसं पडलं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० मध्ये ही विभागणी मांडली. गर्भात सुरुवातीला पेशींचे तीन थर असतात. मधल्या थरापासून, म्हणजे मेसोडर्मपासून, स्नायू आणि हाडं तयार होतात. त्यावरून ‘मेसोमॉर्फ’. शेल्डन प्रत्येकाला तिन्ही प्रकारांत १ ते ७ गुण देत. म्हणजे माणूस एकाच खान्यात बसतो, असं त्यांचंही म्हणणं नव्हतं.

मग चुकलं काय?

शरीराच्या ठेवणीवरून स्वभाव ठरतो आणि ही ठेवण जन्मभर बदलत नाही, असं ते मानत. स्वभावाचा दावा विज्ञानात टिकला नाही. १९६७ मध्ये बार्बरा हीथ आणि लिंडसे कार्टर यांनी पद्धत सुधारली. त्वचेखालची चरबी, हाडांची रुंदी, दंड-पोटरीचा घेर मोजून गुण देतात. व्यायाम, आहार आणि वयानुसार ते बदलतात.

मराठी काय म्हणते?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या कासुर्डीत किंवा दौंड-शिरूरच्या कुठल्याही गावात अशा गड्याबद्दल बोलताना ‘शरीर कमावलंय’ असं म्हटलं तर कुणालाही कळतं. पैसा कमावतात, तसंच शरीरही. जमीन कसतात, तसाच पैलवानही ‘कसलेला’ असतो. इंग्रजी शब्द घडण सांगतो, मराठी शब्द मेहनत.

आणि पिळदार म्हणजे धिप्पाड नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

उंची आणि हाडांची ठेवण बरीचशी आनुवंशिक असते. काहींचे स्नायू लवकर वाढतात, काहींचे उशिरा. पण टाइप पाहून आहार ठरवायला भक्कम शास्त्रीय आधार नाही. त्यामुळे क्विझमध्ये ‘एक्टोमॉर्फ’ निघालात म्हणून महागडा डबा घेऊ नका आणि व्यायामही सोडू नका.