मोफत प्रशिक्षण आहे, मग आपली गरज कशाला?





मागच्या तिमाहीत दोन-तीन मंडळ्यांकडून एकच विचारणा आली: "पाड्यावरच्या शाळांना कॉम्प्युटर द्यावेत की टॅब?" या प्रश्नामागचे प्रेम मला कळते. पण जव्हार-मोखाडा भागात मी ज्या शाळांत जाते, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एखादे यंत्र आधीच आलेले असते. ते कपाटात असते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कोण भरणार, या धाकाने त्याला कोणी हात लावत नाही. त्यामुळे पहिली गरज आहे ती ते यंत्र न घाबरता वापरणाऱ्या शिक्षकाची.

यावर पुढचा प्रश्न येतो: "शिक्षकांसाठी सरकारचे मोफत प्रशिक्षण आहे ना?" आहे, आणि चांगले आहे. त्याची ओळख आधी करून देते.

पहिले नाव 'दीक्षा'. हे नाव ऐकून आमच्या मंडळीतल्या एका आजींनी विचारले होते, "कोणाची दीक्षा गं? पाळकांची?" ही दीक्षा म्हणजे केंद्र सरकारने २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू केलेले अ‍ॅप. बालभारतीच्या पुस्तकात जो चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो, तो या अ‍ॅपने टिपला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि प्रश्न उघडतात. याच अ‍ॅपवर शिक्षकांसाठी अभ्यासक्रमही असतात. २०१९ मध्ये सुरू झालेले 'निष्ठा' प्रशिक्षण पुढच्याच वर्षी दीक्षावर ऑनलाइन आले.

दुसरे नाव आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे. यात साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे असतात आणि त्यांतले पुष्कळ मराठीतही आहेत. पत्र कसे लिहावे, गुणांचा तक्ता कसा करावा, चित्रांसह पाठ कसा मांडावा, हे पडद्यावर करून दाखवतात. शिकणाऱ्याने व्हिडिओ थांबवायचा, तेच आपल्या हाताने करायचे, मग पुढे जायचे. धडा एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो.

तिसरे 'स्वयम्'. इथे अभ्यासक्रम मोफत शिकता येतो. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरावे लागते.

म्हणजे पैशाने हे सारे मोफत आहे. पण पाड्यावरच्या बाईंना त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. पहिली किंमत रेंजची. शाळेत रेंज नसते, म्हणून फोन घेऊन टेकाडावर जावे लागते. दुसरी रिचार्जची, आणि ती स्वतःच्या खिशातून. तिसरी वेळेची. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. अपेक्षा रास्तच आहे. पण दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची, ऑनलाइन माहिती भरायची आणि संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची, यात तास उरतात किती? मग व्हिडिओ एका बाजूला चालू राहतो आणि बाई दुसऱ्या बाजूला भाकरी थापतात. प्रमाणपत्र मिळते, पण वर्गात काही बदलत नाही. हा त्या बाईंचा आळस नव्हे. शिकताना शेजारी बसणारे कोणी नाही, ही खरी अडचण आहे.

आपले काम इथून सुरू होते. नवा अभ्यासक्रम आम्ही काढलेला नाही. जो आहे तोच शिक्षकांच्या दारापर्यंत नेतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की जवळपासच्या शाळांतले आठ-दहा शिक्षक एका ठिकाणी जमतात. धडे आम्ही आधीच तालुक्याच्या गावी उतरवून नेतो. दोन तासांत एकच कौशल्य घेतो आणि प्रत्येकाच्या हातून ते होईपर्यंत पुढे जात नाही.

क्रम साधा आहे. पहिल्या शनिवारी दीक्षावरचा धडा रेंज असताना उतरवून ठेवणे आणि इंटरनेटशिवाय वर्गात दाखवणे. दुसऱ्या शनिवारी फोनला मराठीत बोलून मजकूर लिहून घेणे; टंकलेखनाची भीती असलेल्या गुरुजींचा चेहरा इथेच खुलतो. तिसऱ्या शनिवारी सावधगिरी: ओटीपी कोणाला सांगायचा नाही, अनोळखी लिंक उघडायची नाही, मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. चौथ्या शनिवारी स्वतःच्या आवाजात पाठ रेकॉर्ड करणे.

चौथे कौशल्य मला सर्वांत मोलाचे वाटते. पहिलीत येणारे वारली किंवा कातकरी मूल घरी आपली बोली बोलते. पुस्तकातली मराठी त्याला परकी असते, आणि तयार व्हिडिओतली तर त्याहून परकी. ते गप्प बसते. मग 'याला काही येत नाही' असा शिक्का बसतो आणि तिथूनच त्याची शाळा सुटू लागते. एका बाईंनी पाड्यावरच्या एका म्हातारीची परवानगी घेऊन तिची गोष्ट तिच्याच बोलीत फोनवर रेकॉर्ड केली आणि वर्गात लावली. ऐकून मुले हसली, मध्येच तिला दुरुस्त करू लागली, आणि मग बाईंना एकेक शब्द मराठीत काय म्हणतात ते विचारू लागली. त्या दिवशी वर्गात इंटरनेट नव्हते आणि महागडे यंत्रही नव्हते. बाईंना फोन वापरता येत होता, तेवढे पुरले.

आपल्या भागाला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात आणि गुरे चारायच्या कुरणात न्यायची, असे त्यांनी ठरवले. आज तीच वाट शिक्षकांसाठी धरायची आहे. मिशनच्या वारशातही हे आहेच. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या सिंथिया फॅरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शिक्षणाचे काम केले. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते त्यांच्याकडे. एक शिक्षिका घडली की किती घरांत दिवा लागतो, हे आपण जाणतोच.

म्हणून यंत्रे पाठवण्याआधी आमची विनंती वेगळी आहे. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक असतील, कॉम्प्युटरवर सराईत हात असलेले तरुण असतील. त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा. शिकवण्यापेक्षा शेजारी बसण्याची तयारी हवी, आणि तोच प्रश्न पाचव्यांदा आला तरी न वैतागण्याची. ज्यांना येणे जमत नाही, त्यांनी एका शिक्षकाच्या रिचार्जचा भार उचलावा. चालू स्थितीतला जुना फोन देणार असाल तर आपली सर्व माहिती पुसून, चार्जरसह द्यावा. आणि रोजच्या प्रार्थनेत टेकाडावर रेंज शोधत उभ्या राहणाऱ्या या शिक्षकांची आठवण ठेवावी.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण