मुंबईच्या आकाशाचा नकाशा : ड्रोन कोठे उडवावा, कोठे नाही?

पतंग उडवायला आपण कोणाची परवानगी विचारत नाही. मग हातभर लांबीचा, बॅटरीवर चालणारा ड्रोन उडवायला एवढे नियम कशासाठी? स्नेहसंमेलनाचे किंवा क्रीडादिनाचे चित्रण ड्रोनने व्हावे, असा आग्रह आता पालक धरतात. विज्ञान प्रदर्शनात तर मुलेच ड्रोन घेऊन येतात. अशा वेळी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी शेवटी शिक्षकांवर येते. म्हणून हे नियम आणि त्यांमागचे विज्ञान आपण समजून घेऊ. उदाहरण घेऊ मुंबईचे. कारण विमानतळ, नौदल, समुद्र आणि दाट वस्ती या चारही गोष्टी तेथे एकाच ठिकाणी आहेत.

गंमत अशी, की १९३४ च्या विमान कायद्याने पतंगालाही विमानांच्या व्याख्येत बसवले होते. हवेच्या आधाराने वर राहणारे जवळजवळ प्रत्येक साधन कायद्याच्या दृष्टीने विमानच. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. ड्रोनसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतंत्र ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू झाले. त्यांचे सार चार आकड्यांत सांगता येईल : २५० ग्रॅम, १२० मीटर, १२ किलोमीटर आणि ९६ तास.

२५० ग्रॅम

नियमांत ड्रोनचे वर्ग वजनावरून पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्याहून जड तो लार्ज. वजनालाच एवढे महत्त्व का, हे नववी-दहावीच्या मुलांना सहज पटवता येते. १२० मीटर उंचीवरील २५० ग्रॅमच्या ड्रोनची स्थितिज ऊर्जा (वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची) सुमारे २९४ ज्यूल भरते. तुलनेसाठी, ताशी १२६ किलोमीटर वेगाने आलेल्या १६० ग्रॅमच्या क्रिकेट चेंडूची गतिज ऊर्जा सुमारे ९८ ज्यूल असते. म्हणजे सर्वांत हलक्या वर्गातला ड्रोनही वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या तिप्पट ऊर्जा बाळगून असतो. २ किलोच्या ड्रोनची ऊर्जा याच्या आठपट. हवेच्या रोधामुळे जमिनीवर पोचेपर्यंत यातील काही ऊर्जा खर्च होते हे खरे. पण डोक्यावर हेल्मेट नसलेल्या मुलांच्या मैदानावर हा दिलासा पुरेसा नाही.

सवलतीही वजनावरून ठरतात. नॅनो ड्रोन उडवायला, तसेच व्यवसायासाठी नसेल तर मायक्रो ड्रोन उडवायला, दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. इतरांना लागते. ते १८ ते ६५ वर्षे वयाच्या, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला मिळते. येथे एक मुद्दा ध्यानात ठेवावा : पैसे घेऊन चित्रण करणाऱ्याचा मायक्रो ड्रोन व्यवसायासाठीच असतो, त्याला ही सवलत नाही. नॅनो सोडून इतर ड्रोनसाठी तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही सक्तीचा आहे. प्रत्येक ड्रोनची सरकारी मंचावर नोंदणी होऊन त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळावा लागतो. परदेशातून मामाने आणलेला ड्रोन येथेच अडतो. कारण संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसारखे अपवाद वगळता तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

१२० मीटर

आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग केले आहेत. हिरव्या विभागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, हवाई परवानगीची गरज नाही. त्याच जागी १२० मीटरच्या वर गेलो की विभाग पिवळा होतो आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. लाल विभागासाठी परवानगी केंद्र सरकारच देऊ शकते. म्हणजे हा नकाशा कागदासारखा सपाट नाही. त्याला उंची आहे. हे विभाग भारताच्या सागरी हद्दीवरच्या आकाशालाही लागू आहेत. ‘आम्ही तर समुद्रावर उडवतो’ ही सबब चालत नाही.

किनाऱ्यावर उंचीच्या बाबतीत एक फसगत होते. ड्रोनमधील वायुदाबमापक दाबातील फरकावरून उंची काढतो. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर वर गेल्यावर दाब एक मिलिबारने कमी होतो. पण ही उंची मोजली जाते ती ड्रोन जेथून सुटला त्या जागेपासून. समजा, किनाऱ्यालगतच्या ५० मीटर उंच टेकडीवरून ड्रोन सोडला आणि पडद्यावर १०० मीटर आकडा ठेवून तो समुद्रावर नेला. उडवणाऱ्याला वाटते, आपण मर्यादेत आहोत. प्रत्यक्षात खालच्या पाण्यापासून ड्रोन १५० मीटरवर असतो.

वाऱ्याचेही असेच. खारे आणि मतलई वारे आपण भूगोलात शिकवतोच. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ड्रोनचा स्वतःचा वेग सेकंदाला १० मीटर आणि वाऱ्याचा ५ मीटर असेल, तर एक किलोमीटर समुद्रात जायला ६७ सेकंद लागतात. परतायला मात्र २०० सेकंद. बॅटरी निम्मी उरली की मागे फिरू, असे ठरवणाऱ्याचा ड्रोन पाण्यात जातो तो या त्रैराशिकामुळे!

१२ किलोमीटर

विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा विभाग फक्त ६० मीटर उंचीपर्यंत आहे. ८ किलोमीटरच्या आत हिरवा रंग जमिनीपासूनच संपतो. तेथे पिवळा किंवा लाल. मुंबईत सांताक्रूझचा मोठा विमानतळ आहे, त्याच्या शेजारी १९२८ पासूनचा जुहूचा विमानतळ आहे आणि खाडीपलीकडे २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ. दादरची चौपाटी ८ किलोमीटरच्या आत येते. जुहूची चौपाटी तर विमानतळाला जवळजवळ खेटून आहे.

एवढे अंतर कशासाठी? उतरणारे विमान सामान्यतः जमिनीशी ३ अंशांचा कोन करून खाली येते. ३ अंशांची स्पर्शज्या ०.०५२४. त्यामुळे टेकण्याच्या जागेपासून ४ किलोमीटरवर विमान सुमारे २१० मीटर उंच असते आणि सुमारे २.३ किलोमीटरवर नेमके १२० मीटर. घाटकोपर-कुर्ल्याची मुले हे दृश्य रोज पाहतात. ८ किलोमीटरवर ही उंची ४१९ मीटर होते. मग तेथेही ६० मीटरचे बंधन का, असे एखादा विद्यार्थी विचारील, आणि तो प्रश्न योग्यच आहे. उत्तर असे, की सगळी विमाने एकाच रेषेत येत नाहीत. जुहूहून समुद्रातील तेलफलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टरे बरीच खालून उडतात, आणि ड्रोनची उंची मोजण्यातही चूक होऊ शकते. सुरक्षेचे अंतर हे सरासरीसाठी नसते, अपवादासाठी असते.

हलका ड्रोन विमानाचे काय बिघडवणार, ही शंका अमेरिकेतील लॉस एंजेलिस या दुसऱ्या किनारी शहराने दूर केली आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेथील वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला जेमतेम २५० ग्रॅमचा एक ड्रोन आदळला. विमानाच्या पंखाला सुमारे ३ इंच रुंद व ६ इंच लांब भोक पडले. विमान सुखरूप उतरले; पण आग भडकलेली असताना ते काही दिवस जमिनीवरच राहिले. उडवणाऱ्याला तोपर्यंत आपला ड्रोन दिसेनासा झाला होता.

९६ तास

नकाशाचे रंग कायम नसतात. सुरक्षेच्या कारणासाठी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी एखाद्या भागाला एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास तात्पुरता लाल विभाग घोषित करू शकतो. म्हणून उड्डाणाच्या दिवशीच नकाशा पुन्हा पाहायचा.

याशिवाय दोन बंधने आहेत. नौदलाने २०२१ मध्ये आपल्या आस्थापनांभोवती ३ किलोमीटरपर्यंत विनापरवानगी ड्रोन उडवण्यास मनाई जाहीर केली. त्यामुळे कुलाबा सांताक्रूझपासून वीसेक किलोमीटर दूर असूनही मोकळा नाही. दुसरे म्हणजे मुंबई पोलीस वेळोवेळी, बहुधा महिनाभराच्या मुदतीचे, मनाई आदेश काढतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आणि जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. असा आदेश चालू असताना, नकाशात जागा हिरवी असली तरी, पोलिसांच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. हवाई नियम आणि पोलिसांचा आदेश अशा दोन्ही चाळण्यांतून पार पडावे लागते.

शाळेने काय करावे?

चित्रणासाठी कोणी ड्रोन आणणार असेल, तर पाच गोष्टी कागदावर मागाव्यात : ड्रोनचा ओळख क्रमांक, उडवणाऱ्याचे प्रमाणपत्र, विमा, त्या दिवसाचा नकाशा आणि मनाई आदेश असल्यास पोलिसांची परवानगी. एकही कागद कमी असेल तर नम्रपणे नकार द्यावा. ड्रोन आला, तरी तो मुलांच्या डोक्यावरून नेऊ देऊ नये.

वर्गासाठी मात्र ड्रोनच हवा असे नाही. शहराचा नकाशा आणि कंपास घेऊन तिन्ही विमानतळांभोवती ८ व १२ किलोमीटरची वर्तुळे मुलांकडून काढून घ्या आणि आपली शाळा कोठे येते ते शोधायला सांगा. अंतरे कुंपणापासून मोजायची असल्याने खरी सीमा या वर्तुळांच्या थोडी बाहेर पडते; ती का, हेही विचारा. कोनमापक आणि ओळंबा यांपासून केलेल्या साध्या उन्नतांशमापकाने डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची उंची काढता येईल. स्नेहसंमेलनाचे छायाचित्र गच्चीवरूनही छान येते.