अंगणातील हिवाळी पाहुणे

दिवाळी सरली आणि पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटू लागली की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात दूरदेशीचे पक्षी दिसू लागतात. ज्वारीच्या कणसांवर पूर्व युरोप व मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे उतरतात. लोणारच्या खाऱ्या सरोवरावर चक्रवाक बदके येतात. या सरोवराला २०२० साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. परंतु पक्षी पाहण्यासाठी लोणारलाच गेले पाहिजे असे नाही. परसातील पेरूचे झाड आणि न्हाणीजवळची ओलही त्यांना पुरते.

चिमणीएवढा, काळसर अंगाचा, तांबूस पोटाचा एक पक्षी हिवाळ्यात कुंपणावर बसलेला दिसतो. त्याची शेपटी सारखी थरथरत असते, म्हणून त्याला थिरथिरा म्हणतात. हिमालय व त्यापलीकडच्या थंड प्रदेशातून तो येतो आणि उन्हाळा लागताच परततो. ओल्या जागी शेपटी खालीवर करीत धावणारा पांढरा धोबी हाही असाच पाहुणा.

या दोघांसाठी मूठभर ज्वारी टाकली तर ते तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. त्यांचे मुख्य अन्न किडे. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना प्रामुख्याने अळ्या आणि किडेच भरवते. युरोप-अमेरिकेत बर्फाने जमीन झाकली जाते, तेव्हा अंगणातला दाणा पक्ष्यांचा मोठा आधार ठरतो. आपल्याकडे हिवाळ्यात शेतशिवारात दाणे असतात. म्हणून आपल्या अंगणात दाण्यापेक्षा विषमुक्त जागा आणि स्वच्छ पाणी यांची गरज अधिक आहे. परसातल्या वाल-वांग्यांवर औषध फवारू नये. अळ्या हाताने वेचाव्यात, उरलेल्या पक्षी टिपतील. कोपऱ्यातले थोडे गवत आणि काटेरी झुडूप राहू द्यावे.

पाण्यासाठी मातीची उथळ परळ उत्तम. तीत दोन बोटे पाणी व एक दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे आणि परळ राखेने घासावी, कारण घाणेरड्या भांड्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात. मांजर दबा धरून बसेल अशा जागी ती ठेवू नये.

दाणे द्यायचेच असतील तर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी द्यावी. बुलबुलासाठी पिकलेल्या पपईची फोड ठेवावी. खारट फरसाण, बुरशी आलेली भाकर देऊ नये. माता-भगिनींनी एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. पेरणीतून उरलेले, औषध लावलेले रंगीत बियाणे पाखरांपुढे कधीही टाकू नये आणि अंगणात सांडूही देऊ नये. ते दाणे म्हणजे विषच! कोंबड्यांना आणि लहान मुलांनाही त्यापासून तितकाच धोका आहे.

मुलांना एक वही द्यावी. तारीख, वेळ, पक्षी कोणता, तो काय खात होता, एवढे रोज पंधरा मिनिटे पाहून लिहिले तरी पुरे. नाव माहीत नसेल तर रंग, चोच व शेपटी यांचे वर्णन लिहावे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पक्ष्यांची गणना होते. ती अमेरिकेत १९९८ साली सुरू झाली आणि २०१३ पासून भारतातही होते. तीत सामान्य माणसांनी केलेल्या अशाच नोंदी संशोधकांच्या कामी येतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस. वही सुरू करायला हा आठवडा चांगला.

पोपट पिंजऱ्यात ठेवून मुलांची हौस पुरविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. मोकळा पोपट पेरूच्या झाडावर आपणहून येतो. चार पेरू त्याने खाल्ले तर खाऊ द्यावेत.