आधी दार वाजवा, मग माती उकरा

आपल्या पार्सिपनीहून मॉरिसटाउन गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. १७७९-८० च्या कडाक्याच्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याचा तळ तिथल्या जॉकी हॉलोत होता. हे शाळेत शिकलेल्या मुलाच्या हाती मेटल डिटेक्टर आला, की त्याच्या डोळ्यांपुढे शिशाच्या गोळ्या आणि गणवेशाची बटणं नाचू लागतात. पण नेमकं तिथेच हे यंत्र चालवता येत नाही. १९३३ पासून ते नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे आणि नॅशनल पार्कात डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे. टाउनशिप आणि काउंटीच्या पार्कांचे नियम वेगवेगळे, तेव्हा तिथे आधी ऑफिसात विचारायचं. उरली लोकांची अंगणं. म्हणजे अनोळखी दार वाजवणं आलं.

इथेच आपली गाडी अडते. गावी शेजाऱ्याकडे विरजण मागायला बिनदिक्कत जाणारे आपण, इथे वर्षानुवर्षं समोरच्या घरी फक्त हात हलवतो. ‘आपल्याला पाहून ते काय समजतील?’ ही धास्ती आईबाबांना असते, आणि मुलं ती न सांगता उचलतात.

तर रीत अशी. शनिवारी दुपारी, उजेडात जावं. मुलासोबत मोठं माणूस असावं, पण बोलावं मुलानेच. यंत्र आणि फावडं गाडीतच ठेवावं. आपलं नाव आणि कुठे राहतो ते सांगावं. मग चार गोष्टी स्पष्ट कराव्यात: अंगणात कुठे शोधणार, कधी येणार, किती खोल खणणार आणि सापडलेल्या वस्तूचं काय करणार. हे कागदावर लिहून दोघांनी सही केली तर उत्तम. ‘नाही’ म्हणाले तर थँक्यू म्हणून परतावं. कारण विचारू नये.

‘हो’ म्हणणारा खरा मालक आहे ना, तेही पाहावं. भाडेकरूची परवानगी पुरेशी नाही. टाउनहाउससमोरचं सामाईक लॉन असोसिएशनचं असतं. खणण्याआधी ८११ ला फोन केला, की जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींवर फुकट खुणा करून मिळतात. गवताचा चकंदळ अलगद उचलून परत तसाच बसवावा.

विचारून शोधण्याचं फळ काय असतं, ते इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात दिसलं. १९९२ मध्ये पीटर व्हॅटलिंग या शेतकऱ्याने हरवलेला हातोडा शोधायला मित्र एरिक लॉज यांना बोलावलं. निघाली सुमारे १५,००० रोमन नाणी! लॉज यांनी खणणं थांबवून अधिकाऱ्यांना कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जागच्या जागी अभ्यासता आला. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला.

सुट्टीत यंत्र गावी न्यायचा विचार असेल, तर भारतात १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं.

इथल्या लॉनमध्ये बहुधा बाटल्यांची झाकणंच निघतील. एखादं १९६४ किंवा त्याआधीचं डाइम निघालं, तर ते नव्वद टक्के चांदीचं. ते आधी घरमालकाच्या हातावर ठेवा. आणि दिवाळीत त्या घरी फराळाचं ताट पाठवा. त्या दारी दुसऱ्यांदा जाताना मुलाला तुमची सोबत लागणार नाही.