बॅकअप घेताय, पण रिस्टोअर करून पाहिलाय का?

"सर, आमच्याकडे ऑटो बॅकअप चालू आहे," असं बरेच जण सांगतात. छान! पण त्यातून डेटा परत आणून कधी पाहिलाय?

गिटलॅब ही प्रोग्रॅमर मंडळींचा कोड सांभाळणारी कंपनी. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस डिलीट झाला, सुमारे 300 जीबीचा. बॅकअप रोज आपोआप होतोय असाच सगळ्यांचा समज. बघतात तर जागा रिकामी! डेटाबेस होता पोस्टग्रेस 9.6 आणि बॅकअपचं टूल चालत होतं 9.2 चं, म्हणून काम दर वेळी फेल. तसे ईमेल निघत होते, पण समोरचा सर्व्हर ते नाकारत होता. नशीब, एकाने साधारण सहा तास आधी टेस्टिंगसाठी हाताने कॉपी घेतली होती. त्यावर निभावलं. मधले सहा तास गेले ते गेलेच.

आता तुमचं बघा. टॅली असो की दुकानाचं बिलिंग, महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा. (चालू डेटावर नको हं, नव्या नोंदी पुसल्या जातील.) शेवटचं बिल, उधारी, स्टॉक जुळतोय का पाहा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. तेवढा वेळ काउंटर बंद राहणार आहे. आणि सॉफ्टवेअरवाल्याला सांगा, बॅकअप झाला की रोज मेसेज यायला हवा. ज्या दिवशी येणार नाही, त्याच दिवशी त्याला फोन लावा.