झायोनवाद आणि यहुदी धर्म : काही रूढ समज व वस्तुस्थिती

पश्चिम आशियातील कलहाची वार्ता आपल्याकडे येऊन पोहोचली की ‘यहुदी’, ‘इस्रायली’ आणि ‘झायोनवादी’ हे तीन शब्द एकाच अर्थाचे असल्याप्रमाणे सर्रास वापरले जातात, आणि या सरमिसळीमुळे त्या राज्याची स्तुती करणारे व त्याची निर्भर्त्सना करणारे असे दोन्ही पक्ष, एरवी परस्परांचे कट्टर विरोधक असूनही, एकाच चुकीत सहभागी होतात. यहुदी म्हणजे एका प्राचीन धर्माचा आणि त्या धर्माशी निगडित अशा वंशपरंपरेचा वारस; इस्रायली म्हणजे एका राज्याचा नागरिक, आणि त्या नागरिकांत सुमारे एक पंचमांश अरब आहेत; झायोनवादी म्हणजे यहुद्यांना एक राष्ट्र समजून पॅलेस्टाइनच्या भूमीत त्यांचे राजकीय जीवन पुन्हा उभारावे असे मानणाऱ्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात आकारास आलेल्या चळवळीचा पुरस्कर्ता. या तिघांचे संबंध निकटचे आहेत यात शंका नाही. परंतु ते कसे जुळले आणि कोठे तुटले, हे पाहिल्यावाचून या विषयावर मत देण्याचा अधिकार कोणासच पोहोचत नाही, असे मला वाटते.

झायोनवाद हे प्राचीन यहुदी धर्माचेच दुसरे नाव आहे, हा समज सर्वांत जास्त रूढ आहे, आणि त्याला आधार मुळीच नाही असेही म्हणता येत नाही. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, पुढे बार कोखबाचे बंड मोडल्यावर हेड्रियन बादशहाने यहुद्यांना त्या नगराची बंदी केली, आणि आजतागायत धर्मनिष्ठ यहुदी यरुशलेमच्या दिशेने मुख करून प्रार्थना करतो, अब महिन्याच्या नवव्या दिवशी मंदिराच्या नाशाबद्दल उपवास करतो, आणि वल्हांडण सणाच्या भोजनविधीच्या अखेरीस पुढील वर्ष यरुशलेमात जावे अशी इच्छा उच्चारतो. मात्र हे प्रत्यागमन ईश्वरी संकेताने, मशीहाच्या आगमनानंतर घडावयाचे आहे, अशीच शतकानुशतके सर्वसाधारण श्रद्धा होती. तालमूदाच्या केतुबोत या ग्रंथभागात तीन शपथांचा उल्लेख येतो. यहुद्यांनी सामुदायिक बळाने त्या भूमीवर चालून जाऊ नये व इतर राष्ट्रांविरुद्ध बंड करू नये, आणि इतर राष्ट्रांनी त्यांचा अतिरेकी छळ करू नये, असा त्यांचा आशय आहे. या शपथा धर्मशास्त्रदृष्ट्या बंधनकारक आहेत की नाहीत, यावर यहुदी पंडितांमध्येच प्रखर वाद झालेला आहे.

म्हणूनच झायोनवादाला पहिला विरोध परधर्मीयांनी केला नसून यहुदी धर्मगुरूंनी केला, याचे आश्चर्य वाटावयास नको. चळवळीचा पुढारी थिओडोर हर्झल याने तिचे पहिले अधिवेशन म्युनिकमध्ये भरविण्याचे योजिले होते. परंतु तेथील यहुदी समाजाने हरकत घेतली, जर्मनीतील रब्बींच्या संघटनेने जाहीर निषेध केला, आणि अखेर २९ ऑगस्ट १८९७ रोजी ते स्वित्झर्लंडमधील बाझल येथे भरले. सुधारणावादी रब्बींचा आक्षेप असा की यहुदी हे आता राष्ट्र नसून केवळ धर्मसमाज आहेत. अमेरिकेतील त्यांच्या बंधूंनी पिट्सबर्ग येथे १८८५ मध्येच तशी घोषणा केली होती आणि ती भूमिका त्यांनी १९३७ पर्यंत सोडली नाही. सनातनी रब्बींचा आक्षेप याच्या नेमका उलट, म्हणजे ईश्वराचे कार्य मनुष्याने आपल्या हाती घेणे हाच अधर्म, असा होता. आपल्या मुंबईच्या बेने इस्रायल समाजालाही त्या अधिवेशनाचे आमंत्रण होते. कोकणातून आलेल्या या मराठीभाषक यहुद्यांनी, आम्ही परत जाण्यासाठी ईश्वरी हस्ताचीच वाट पाहत आहोत, अशा आशयाचे उत्तर देऊन ते नाकारले.

यावरून झायोनवाद व धर्म यांचे हाडवैर होते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही तितकाच एकांगी ठरेल. हर्झलच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, १८६२ मध्ये, रब्बी झ्वी हिर्श कालिशर यांनी असे प्रतिपादिले होते की मुक्ती एकाएकी आकाशातून उतरणार नाही, तिचा आरंभ मानवी प्रयत्नानेच व्हावयाचा. बाल्कन प्रदेशातील रब्बी यहुदा अल्कलाई यांचेही तसेच मत होते. पुढे रब्बी आयझॅक जेकब राइनेस यांनी १९०२ मध्ये मिझ्राही हा धार्मिक झायोनवाद्यांचा पक्ष स्थापिला, आणि पॅलेस्टाइनमधील रब्बी कूक यांना शनिवारही न पाळणाऱ्या निधर्मी तरुणांच्या शेतीकामात ईश्वरी योजनेची चाहूल दिसली.

या गुंतागुंतीचे सर्वांत उद्बोधक दर्शन युगांडा प्रकरणात घडते. हर्झल हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला व व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात काम करणारा पत्रकार. धर्माचार त्याच्या जीवनात नाममात्र होता, आणि १८९६ च्या आपल्या पुस्तिकेत त्याने पॅलेस्टाइनबरोबर अर्जेंटिनाचाही विचार केला होता. १९०३ च्या वसंतात किशिनेव येथे यहुद्यांची कत्तल झाली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने पूर्व आफ्रिकेतील, ‘युगांडा’ म्हणून उल्लेखिला गेलेला पण आज केनियात असलेला मुलूख वसाहतीसाठी देऊ केला, आणि हर्झलने ती तजवीज सहाव्या अधिवेशनापुढे मांडली. चौकशीसाठी पथक पाठविण्याचा ठराव २९५ विरुद्ध १७८ मतांनी संमत झाला. आता पवित्र भूमी सोडून आफ्रिकेत जाण्यास कोणी विरोध केला असेल? धर्मपक्षाने, असेच उत्तर सुचते. प्रत्यक्षात मात्र मिझ्राहीच्या बहुतेक प्रतिनिधींनी, संकटात सापडलेल्या जिवांचे रक्षण आधी, या भावनेने हर्झलला साथ दिली, आणि सभात्याग करून अश्रू ढाळणारे रशियन प्रतिनिधी बहुतांशी निधर्मी होते, ज्यांत खुद्द किशिनेवचेही होते. हर्झल १९०४ मध्ये वारला व पुढील वर्षी ती योजना नामंजूर झाली. अशीच गुंतागुंत व्यक्तींतही दिसते: या चळवळीला १८९० च्या सुमारास तिचे नाव देणारा नाथान बिर्नबाउम हा पुढे सनातनी बनून तिचा विरोधक झाला.

झायोनवादाचा प्रत्येक विरोधक यहुदीद्वेष्टाच असला पाहिजे, हा समज एडविन माँटेग्यू यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची १९१७ च्या ऑगस्टमधील घोषणा करणारे तेच हे भारतमंत्री. त्या वेळच्या ब्रिटिश मंत्रिमंडळातले ते एकमेव यहुदी, आणि पॅलेस्टाइनमध्ये यहुद्यांचे राष्ट्रीय घर उभारण्यास पाठिंबा देणाऱ्या बाल्फोर जाहीरनाम्याला सर्वांत कडवा विरोध त्यांनीच केला. यहुद्यांना वेगळे राष्ट्र ठरविले की ज्या देशात ते पिढ्यान्‌पिढ्या नांदले त्या देशात ते परके ठरतील, ही त्यांची भीती होती. याबरोबरच हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की ‘झायोनवादी’ शब्दाच्या आडून यहुदी मात्राविषयी विष ओकणाऱ्यांना माँटेग्यूंच्या मतभेदाचा आधार मिळत नाही.

उरलेल्या दोन समजांचा परामर्श थोडक्यात घेता येतो. ही चळवळ हिटलरच्या संहारातून जन्मली हे कालक्रमाला धरून नाही, कारण तिचे पहिले अधिवेशन त्याआधी चार दशके भरले होते. संहाराने तिला दिली ती जगाची सहानुभूती आणि निर्वासितांची निकड. तसेच ती भूमी निर्जन होती हेही खरे नव्हे: १९२२ च्या खानेसुमारीत तेथे सुमारे ७ लाख ५७ हजार लोक नोंदले गेले, त्यांत यहुदी सुमारे ८४ हजार होते, बाकी बहुतेक अरब मुसलमान व ख्रिस्ती, आणि १९४८ च्या युद्धात तेथील अरबांपैकी सुमारे सात लाख बेघर झाले.

राज्य स्थापन होताना आणि झाल्यावरही धर्म आणि राष्ट्र यांचा तंटा मिटला नाही. स्वतः निधर्मी असलेले झायोनवादी नेते बेन-गुरियन यांनी १९४७ मध्ये सनातनी पक्षाला पत्राने आश्वासन दिले की शनिवारची सुटी, सार्वजनिक पाकगृहांतील आहारनियम आणि विवाहाचा कायदा ही धर्मानुसार राहतील. १४ मे १९४८ च्या घोषणापत्रात ईश्वराचे नाव घालावे की नाही यावर अखेरच्या घटकेपर्यंत वाद चालून ‘इस्रायलचा खडक’ अशी दोन्ही पक्षांना चालेल ती योजना झाली. विवाह रब्बींच्या हाती गेल्याचा चटका पुढे आपल्याच बेने इस्रायलांना बसला. परतण्याच्या कायद्याने त्यांना यहुदी म्हणून नागरिकत्व दिले. पण १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीने हुकूम काढला की त्यांच्यापैकी कोणाचा अन्य यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची छाननी व्हावी. अलिबाग, पेण, मुंबई अशा ठिकाणांहून गेलेल्या या लोकांनी निदर्शने केली, ठिय्या दिला, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे ठरावाने जाहीर केले. त्यानंतर रब्बींनी हुकुमातून त्या समाजाचे नाव वगळले. ज्याच्या वंशाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करण्याचा आपला अधिकार मात्र त्यांनी राखून ठेवला.